पारंबीचे तीन काप

सोमवार. पाणी नाही.

मंगळवार. पाणी वीस मिनिटं. सहाव्या मजल्यापर्यंत चढलंच नाही.

बुधवार. पाणी नाही. टँकर दुपारी दीडला, तोही अर्धा. संध्याकाळी दोनशेचारमधल्या ऋतुराजने सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. आमच्या मागच्या भिंतीपलीकडची, वडाखालची जमीन. ती ओली होती.

एवढंच. ओली माती, मे महिन्यातली.

दोनशेचार: बघा. आपण अर्ध्या बादलीत आंघोळ करतोय आणि इथे चिखल.

पाचशेएक: ते तीन पाइप बघितलेत का? जमिनीतून निघून झाडावर गेलेत.

तीनशेसहा: आणि झाडाखाली त्या म्हाताऱ्याच्या घरावर काळी टाकी.

दोनशेचार: आपली मेन लाइन भिंतीलगतच जाते ना?

पाचशेएक: जाते.

सातशेतीन: सेक्रेटरी झोपलेत का?

मी: उद्या बघतो.

सेक्रेटरी मी. यज्ञेश. बाळकुमला एका बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. शीळफाट्याहून डोंबिवलीकडे येताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमची इमारत लागते. तिचं नाव निर्झर. यावर आता कोणी हसत नाही.

इमारत दीड वर्षाची, वड गावाचा. बिल्डरची भिंत त्याच्याजवळ येते, वाकते आणि पुढे जाते. त्याची एक फांदी, पिंपाएवढी जाड, भिंतीपलीकडे आडवी गेलेली. तिच्याखाली दाजी भोईरांचं घर. दोन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, पत्र्यावर काळी टाकी. घरात दाजी आणि त्यांची बायको सगुणाकाकी. फांदीपासून जमिनीपर्यंत उभे, सरळ, करडे तीन पाइप. दीड वर्षं मी खिडकीतून ते रोज बघत होतो, आणि बुधवारपर्यंत मला ते दिसले नव्हते.

काप एक

गुरुवार, सकाळी अकरा. मी आणि प्लंबर साईनाथ. वर बाल्कन्यांमध्ये माणसं.

साईनाथ पाइपाकडे बघत राहिला. म्हणाला, "साहेब, चोरीला चार इंची कोण टाकतं? चार इंची संडासाच्या लाइनला."

"आत अर्धा इंची लपवली असेल."

त्याने पान्याने पाइप वाजवला. ठक. "भरीव आहे."

"म्हणजे काहीतरी भरलंय. म्हणजे लपवलंय."

"तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं," साईनाथ म्हणाला.

सगुणाकाकी हातात तांदूळ पाखडायचं सूप घेऊन बाहेर आल्या. "काय करताव रं?"

"काकी, पाणी कुठून घेता तुम्ही?"

"त्यान पानी नाय रं. झाराची पारंबी हाय ती. यांनी लावलीय."

"पारंबी? पाइपात?"

वरून ऋतुराज ओरडला, "काकी, पारंबीला मीटर बसवलाय का?" बाल्कन्या हसल्या. मीही हसलो. खोटं कशाला सांगू.

"हे खोपटला गेलेत, डेपोत, पेन्शनच्या कागदाला," काकी म्हणाल्या. "दुपारी येतील. त्यांना इचारा, मंग कापा."

"दुपारपर्यंत पुरावा राहणार नाही," मी म्हणालो. पुरावा. हाच शब्द.

साईनाथने करवत लावली. आधी करडा भुसा पडला. मग काळी माती, ओलसर, त्यात काथ्या, शेणाचा वास. मग करवत कशात तरी अडकली. साईनाथ थांबला. त्याने पुन्हा ओढली, आणि पातं बाहेर आलं ते पांढरं होऊन.

चीक. दुधासारखा. तो पाइपावरून खाली ओघळला आणि मातीत गेला.

शेवटचा धागा तुटला तेव्हा काहीतरी झालं, जे मी साइटवर इतकी वर्षं लोखंड कापताना बघितलं नव्हतं. वरचा तुकडा वर गेला. आपोआप. दोन तुकड्यांमध्ये दोन बोटांची फट पडली. त्या फटीतून पलीकडच्या काकी दिसल्या.

"हे ताणलेलं होतं," साईनाथ म्हणाला आणि एक पाऊल मागे सरकला.

आत मनगटाएवढं मूळ होतं. गोल, ताजं, पांढरं.

काप दोन

इथे मी हळू लिहितो.

मला दिसलं होतं. कळलंही होतं. साईनाथला कळलं होतं, मला कळलं होतं, आणि काकींना तर आधीपासून माहीत होतं. त्या तिथेच उभ्या होत्या. वरून ऋतुराजने विचारलं, "काय निघालं रे?" त्याच्या हातात फोन होता, आडवा धरलेला. शेजारच्या बाल्कनीत दुसरा फोन. वर तिसरा. पंधरा-वीस माणसं सकाळच्या कामातून उठून बघायला आलेली, दोन दिवस न धुतलेल्या कपड्यांतली.

मी वर बघून म्हणालो, "हा फसवायला ठेवलेला असेल. दुसऱ्यात असणार."

"मी नाय कापत," साईनाथ म्हणाला.

मी त्याच्या हातातून करवत घेतली.

पुढे

मागे

पुढे

माती, काथ्या, शेण, चीक, आणि पुन्हा तो झटका. वरचा तुकडा माझ्या हातातून सुटून वर गेला.

काप तीन

तिसऱ्याला मी कारणही दिलं नाही.

दुपारी

दाजी अडीचला आले. खोपटच्या एसटी वर्कशॉपात एकतीस वर्षं काढलेला माणूस, बारीक, खांदे पुढे आलेले. हातातली पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली, चपला काढल्या आणि अनवाणी पाइपांपाशी गेले. पहिल्या फटीत बोट घातलं. दुसऱ्या. तिसऱ्या. मी तिथेच होतो. घरी जाता येत नव्हतं आणि थांबताही येत नव्हतं, असा.

"कुणी?"

"पहिला साईनाथने. मी सांगितलं म्हणून. बाकीचे दोन मी."

ते खाली बसले. बराच वेळ मला वाटलं, ते आता शिवी देतील, आणि मी तिची वाट बघत होतो. मग ते बोलायला लागले, एखाद्या शिकाऊ मेकॅनिकला सांगावं तसे.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी मे महिन्यात वादळ आलं, तेव्हा हा वड हलला होता. पडला नाही, पण बुंध्याच्या एका बाजूला जमीन फुगून तडकली होती. गाव म्हणालं, कापून टाका, घर वाचेल. दाजींना ते पटलं नाही. "वडाला देवाने पारंब्या कशाला दिल्या? एवढ्या लांब फांदीला एक बुंधा पुरत नाही म्हणून. पण आमच्या वडाची एकही पारंबी जमिनीला लागली नव्हती. आधी बकऱ्या खायच्या. मग पोरं झोके घ्यायची. मग तुमच्या बिल्डरने, इमारतीच्या कितीतरी आधी, भिंत घालताना होत्या तेवढ्या छाटल्या. नुसता डोक्यात भारी झालेला. पायाशी काही नाही."

म्हणून चार इंची पाइप उभे चिरले. कोवळ्या पारंब्या जुडीने आत घेतल्या. माती, शेण, काथ्या. वरून तारेने बांधले. मुळं उतरत गेली, दीड वर्षाने जमिनीला लागली. मग दोन वर्षं जाड होत राहिली. पाइप काढण्याजोगे झाले होते, पण काढले नाहीत, कोणी छाटू नये म्हणून ठेवले.

"आणि पाणी?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"हिचं तांदळाचं धुवण. भाजीचं. भांड्याचं शेवटचं." ते म्हणाले. "आम्ही पण टँकरचंच घेतो. तुमच्या मागे लाइनीत उभे असतो. दिसलो नाही का कधी?"

दिसले असणार.

"परत जुळवता येईल?"

"एसटीचा एक्सल आहे का तो?" त्यांनी वर फांदीकडे बघितलं, मग आकाशाकडे. "फोनवर वादळ कधीचं सांगतायत?"

मी फोन काढला. "रविवारी. दुपारनंतर."

"तीन दिवस," दाजी म्हणाले.

तीन दिवस

शुक्रवारी मी साइटवरून आठ टेकू आणले. स्लॅब ओतताना खाली लावतात ते लोखंडी, फिरवून उंच करायचे. टेम्पोतून उतरवताना मला बरं वाटत होतं. आठ आहेत. तीन गेले, आठ आणले.

दाजींनी एकेक टेकू हलवून बघितला. तळाला लाकडी ठोकळे बसवले, बसखाली देतात तसे. फांदी आणि लोखंडाच्या मध्ये गोणपाटाच्या गाद्या. मी आटे फिरवत होतो, ते वर हात लावून फांदीची साल कधी दबते ते बघत होते. "बस. तिला उचलायची नाही, नुसती टेकवायची."

"फांदीची थोडी छाटणी केली तर? हलकी होईल," मी म्हणालो.

"करायची ती दर वर्षी, थोडी थोडी, टोकाकडून. टोक हलकं झालं की वाऱ्याला धरायला कमी राहतं. लोक काय करतात, आतली पालवी सगळी सोलतात, म्हणतात वारा आरपार जाईल. मग सगळा भार टोकाला, आणि फांदी चाबकासारखी झोडपते." त्यांनी पुढचा ठोकळा सरकवला. "आता दोन दिवसांत कुठे परवानगी मिळणार. आणि करवत तर तुझ्या हातात मी देणार नाही."

मी आटा फिरवत राहिलो.

"आठ पुरतील ना, दाजी?"

"टेकू ढकलतो," ते म्हणाले. "मूळ धरतं. वारा फांदीला नुसता दाबत नाही, उचलतोही. उचलली की टेकू काय करणार? त्याला खालून कोणी बांधलंय, वरून कोणी बांधलंय?"

मग आम्ही दोरांनी बांधले. शनिवारभर बांधत होतो. ऋतुराज खाली आला, दोन टेकूंना हात लावला, म्हणाला, "मजबूत आहे, भाई." त्याने फोटो काढला. ग्रुपवर अंगठे आले.

काकी दोन्ही दिवस आमच्याकडे न बघता वावरल्या. तांदूळ धुतले की भांडं घेऊन बाहेर यायच्या, कापलेल्या पाइपापाशी उभ्या राहायच्या आणि धुवण बुडख्याशी ओतायच्या. सवयीने की कसं, विचारायची माझी हिंमत नव्हती.

रविवार

दोन वाजता समिधा, माझी बायको, खाली जाऊन त्या दोघांना वर घेऊन आली. मी गेलो असतो तर ते आले नसते. काकींनी एक ट्रंक, देवाचा टाक आणि लसणाची पिशवी आणली. दाजी आमच्या सोफ्याच्या कडेवर बसले, बसमध्ये अनोळखी माणसाशेजारी बसतात तसे. खिडकीतून वड पूर्ण दिसतो. फ्लॅट घेताना एजंटने त्याचे वेगळे गुण सांगितले होते.

तीन वाजता आकाश तपकिरी झालं.

सव्वातीनला समोरच्या इमारतीवरची ताडपत्री गेली. फाटली नाही, गेली.

साडेतीनला बोलणं ऐकू येईना. समिधा आणि काकी जमिनीवर बसून लसूण सोलत होत्या. खिडकीची काच आत-बाहेर होत होती. मला माहीत नव्हतं काच तसं करते.

वड हलत नव्हता, असं आधी वाटलं. पानं सगळी एका बाजूला झोपलेली, बुंधा उभा. मग वारा क्षणभर थांबला आणि पुन्हा आला, खालून.

ठण्ण.

लोखंड दगडावर पडल्याचा आवाज. एवढ्या गोंधळात तो स्वच्छ ऐकू आला.

दाजी उठले. "गादी सरकली." दाराकडे निघाले.

मी दारात उभा राहिलो.

"एक परत बसवला तर बाकीचे राहतील. दोन मिनिटांचं काम."

"नाही, दाजी."

"तू सांगणार मला?"

ठण्ण.

मी त्यांना दोन्ही हातांनी धरलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस. त्यांनी जोर केला नाही. नुसते उभे राहिले माझ्या मिठीत, ताठ, आणि त्यांचं हृदय माझ्या छातीवर लागत होतं. मी त्यांच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघत होतो. त्यांची पाठ खिडकीकडे होती. म्हणजे ते मी एकट्यानेच बघितलं. दाजींना मी ते बघूही दिलं नाही.

ठण्ण. ठण्ण.

फांदी वर आली. सावकाश. माणूस हातावर भार देऊन उठतो तशी, हात-दीड हात वर. खाली उरलेले टेकू एकदम मोकळे झाले, दोरांवर लटकले, पडले. क्षणभर ती फांदी तशीच वर होती, आणि तिला खाली धरणारं काहीही नव्हतं.

मग ती

कडाका झाला नाही. मी कडाक्याची वाट बघत होतो. लांबलचक कापड टराटरा फाडत नेल्यासारखा आवाज झाला, आणि तो संपतच नव्हता. बुंधा मधोमध, फांदीच्या बेचक्यातून पार मुळापर्यंत उलगडला. आतलं लाकूड पिवळं होतं. घराचे पत्रे दिसले, मग दिसले नाहीत. काळी टाकी भिंतीवर येऊन फुटली. तिच्यातून पाणी आलं नाही.

मी हात सोडले.

दाजी वळले नाहीत. त्यांनी विचारलं, "घरावर?"

"हो."

काकींनी आणखी दोन पाकळ्या सोलल्या. सोललेल्या वाटीत टाकल्या, सालं पदरात. मग हात थांबले.

सोमवार

सकाळी ग्रुप भरून वाहत होता.

पाचशेएक: देवाची कृपा, कोणाला लागलं नाही.

तीनशेसहा: झाड जुनंच होतं. कधीतरी जाणारच होतं.

सातशेतीन: सेक्रेटरींनी दोघांना वेळेत वर आणलं म्हणून दोन जीव वाचले. सलाम.

दोनशेचार: खरा हिरो.

त्याखाली जोडलेले हात, एकाखाली एक, एकाखाली एक. चव्वेचाळीस. समिधा चहा गाळता गाळता ते मोठ्याने वाचत होती. मध्येच तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली.

काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. गुरुवारपासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"पयला कापला तवा तुला ठाव नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं, पन तुला खरं वाटलं नाय. ठीक. दुसरा का कापलास?"

समिधाने गॅस बंद केला.

माझ्याकडे तीन-चार उत्तरं तयार होती. साईनाथ, उकाडा, पाणी, बिल्डर. चार दिवस मी ती तोंडात फिरवत होतो. ती सगळी मी गिळली.

"वरून लोक बघत होते," मी म्हणालो.

काकींनी ते ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, एखाद्या परक्या मुलखातल्या माणसाची रीत पहिल्यांदा कळावी तशा. एवढंच? हे विचारण्याइतकंही त्यांना सुचलं नसावं.

"आता पन बघतान," त्या म्हणाल्या, आणि कोपऱ्यातला झाडू उचलून जिना उतरून गेल्या.

मी मागून उतरलो.

खाली पन्नासेक माणसं. भिंत पडलेली, त्यामुळे आमचं आवार आणि दाजींचं अंगण एकच झालेलं. वड आडवा, त्याची पानं अजून हिरवी आणि ताजी, त्यांना अजून कळलेलं नाही अशी. बगळ्यांची दोन घरटी फांदीत तशीच. दाजी पत्र्यांच्या ढिगात कमरेएवढे उभे राहून हाताने तुकडे बाजूला करत होते.

ऋतुराजने फोन आडवा केला. "सेक्रेटरीसाहेब, दोन शब्द. कसं सुचलं तुम्हाला, त्यांना वर आणायचं?"

मी फोनकडे बघितलं. मग वर बाल्कन्यांकडे बघितलं. होते सगळे.

"हे वादळाने पडलं नाही," मी म्हणालो. "गुरुवारी कापलं. ही फांदी तीन मुळांवर उभी होती. पाइपात पाणी नव्हतं, मुळं होती. चार वर्षं वाढवलेली. पहिलं मी कापायला लावलं. ते मूळ आहे, हे मला पहिल्यालाच दिसलं. चीक दिसला. तरी मी दुसरं कापलं आणि तिसरं कापलं. तुम्ही बघत होता म्हणून. मी चुकलो हे तुमच्यासमोर दिसायला नको होतं."

ऋतुराज हळूच म्हणाला, "टेन्शन नको घेऊ रे भाई. तू पाइप कापलेस फक्त."

"मुळं कापली."

"सगळ्यांनाच वाटलेलं ना. ग्रुपवर सगळे बोललेले."

"करवत माझ्या हातात होती."

त्याने फोन खाली केला. "हे डिलीट करतो."

"नको. ग्रुपवर टाक."

तो फोनकडे बघत उभा राहिला. वर कोणीतरी बाल्कनीचं दार सरकवून आत गेलं. मग आणखी एक दार. मी तिथेच होतो. मला वाटलं होतं, बोलल्यावर काहीतरी होईल. हलकं वगैरे. तसं काही झालं नाही. समोर पिवळं लाकूड होतं, उघडं, ओलं, आणि त्याचा वास कोवळ्या काकडीसारखा होता.

"बोलून झालं असेल तर बाजूला हो," दाजी ढिगातून म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती. "तुझी सावली पडतेय. हिची भांडी दिसत नाहीत मला."

मी बाजूला झालो. मी उभा होतो तिथून ऊन सरळ आत गेलं, तुटलेल्या भिंतीवरून, ओट्यावर, चेपलेल्या तांब्यांवर. सकाळचे दहा. काकी ओट्यापाशी आल्या, उन्हात हात धरून बघितला आणि डोळे बारीक करून झाडायला लागल्या.